बेपत्ता पालकांचं प्रकरण

माझी नजर घारीची, कान सशाचे आणि स्मरणशक्ती हत्तीची. ताई म्हणते, तू गुप्तहेर नाहीस, प्राणिसंग्रहालय आहेस. पण थोर माणसाला घरच्यांनी कधी ओळखलंय? आजवर मी एकही प्रकरण अर्धवट सोडलेलं नाही. हे पहिलंच होतं.

ते मावशीने आणलं. मावशी सरकारी शाळेची मुख्याध्यापिका. तिने दोनदा पालकसभा बोलावली, दोन्ही वेळा खुर्च्या रिकाम्या. आता तिसरी सभा बघायला शिक्षण अधिकारी येणार होते. तीही ओस पडली, तर शाळा बंद आणि मुलांची रवानगी हमरस्त्यापलीकडच्या शाळेत. त्यात ताईची चिमीही आली. तिला नुकतंच इथे घातलं होतं.

"लोकांना मुलांची काही पडलेलीच नाही," मावशी कपाळाला हात लावून म्हणाली. "पालक येत का नाहीत, एवढं शोधून दे."

"मावशी, समज ते आलेच."

"सभा अजून व्हायचीय रे."

"ते किरकोळ तपशील झाले."

सभेच्या दिवशी फाटकापाशी ही गर्दी! कुणी सायकलला टेकलेलं, कुणाच्या कडेवर पोर, एक प्लंबर तर पान्यासकट. असल्या बघ्यांमुळेच तपासाचं वाटोळं होतं.

"बाजूला व्हा!" मी ओरडलो. "इथे पालक हरवलेत!"

"अरेरे," प्लंबर हळहळला. "कुणाचे?"

"सगळ्यांचे."

फाटकावरच्या पाटीला टेकून मी बुटाची नाडी बांधली आणि आत निघालो. पहारेकरी आडवा आला.

"पालक आहात?"

"छे! अविवाहित."

"मग जा आत."

"काय हो, आजवर एक तरी पालक आत आला?"

"मी असताना?" त्याने छाती फुगवली. "हिंमत आहे कुणाची!"

माणूस प्रामाणिक वाटला, पण तपासाच्या दृष्टीने निरुपयोगी.

सभागृहात मावशी रिकाम्या खुर्च्यांसमोर स्वागताचं भाषण धरून उभी होती. शेजारी चहाची किटली थंड होत होती.

"पहिला निष्कर्ष," मी म्हणालो, "पालकांना कुणीतरी घाऊक पळवलंय. खंडणी मागितलेली नाही, कारण ती द्यायला कुणी उरलेलंच नाही. दुसरा, ते आलेत, पण अदृश्य आहेत." मी दोन-चार खुर्च्या चाचपून पाहिल्या. "तिसरा, पालक मुळात नाहीतच. मुलं आपली आपण होतात."

"जाताना विज्ञानाच्या बाईंना भेटून जा," मावशी म्हणाली. मग तिने घड्याळ बघितलं. "साहेबसुद्धा आले नाहीत रे."

म्हणजे अधिकारीही बेपत्ता! प्रकरण आता वरपर्यंत पोचलं होतं. तेवढ्यात बाहेरून ताईची हाक आली. ताईच्या हाकेला ध्वनिक्षेपक लागत नाही.

"मावशी! फाटकावर ही पाटी कुणी लावली?"

पाटीवर लिहिलं होतं, 'पालकांनी फाटकाच्या आत येऊ नये'.

"मीच," धावत आलेली मावशी म्हणाली. "डबा राहिला, स्वेटर राहिला म्हणत लोक वर्गात घुसायचे. शिकवायचं कसं?"

"आम्ही दोन्ही सभांना आलो की हो," प्लंबर म्हणाला. "काम सोडून. बराच वेळ थांबलो, कुणी आत घेईना. म्हटलं, शाळेला आपली काही पडलेलीच नाही."

मावशीने स्वतः पाटी उतरवली. "चुकलं माझं. या सगळे."

सगळे आत गेले. मी बेपत्ता साहेबांच्या शोधात केव्हाच रस्त्याकडे धावलो होतो. शेवटी एक घामाघूम गृहस्थ उरले.

"मी शिक्षण अधिकारी."

"मग आधी नाही सांगायचं?" पहारेकरी कळवळला.

"तुम्ही विचारलंत, पालक आहात का. मला दोन मुली आहेत!"

हे आणि पुढचं मला ताईकडून कळलं. प्लंबरने भाषण चालू असतानाच गळका नळ दुरुस्त केला. एका शिंपीणबाईंनी फाटक्या पडद्यांची मापं घेतली. कुणाच्या तरी आजोबांनी रोज गोष्टी वाचून दाखवायचं कबूल केलं, आणि लगेच एक सुरूही केली, ती आवरेना. साहेबांनी शेरा मारला, 'खुर्च्या कमी पडल्या'. शाळा वाचली.

मी त्या वेळी साहेबांच्या पावलांचे ठसे शोधत फाटकाबाहेर रस्त्यावर रांगत होतो. ठसे फाटकाकडेच वळले, तसा मी विजयी मुद्रेने उठलो. पाटी परत लागली होती. तिच्या मागच्या बाजूवर मावशीने खडूने लिहिलं होतं, 'पालकांनी आत यावे'.

"पालक आहात?" पहारेकऱ्याने विचारलं.

"छे! अविवाहित."

"मग बाहेर थांबा."