शेवटच्या ओळीतला शब्द

आमच्या साप्ताहिकातले नाना फोनवर बातमी वाचत नाहीत, मोजतात. शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी असते. छापायची पानं लावण्यात त्यांची तीस वर्षं गेली. छपाई बंद होऊन सगळं वेबसाइटवर आलं तेव्हा यंत्रं भंगारात गेली आणि नाना पट्टीसकट माझ्या हाताखाली आले.

त्यांचा हट्ट एकच. परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत एकटा शब्द नको. “लई केविलवाणं दिसतं साहेब. सोबतीला एक तरी द्या.”

कागदावर ते जमायचं. वेबवर प्रत्येक फोनच्या रुंदीनुसार ओळी वेगळ्या मोडतात, असं मी समजावलं. त्यावरून नानांनी एवढंच घेतलं, की प्रत्येक फोन तपासायला हवा. मुकुंदवाडी स्टेशनबाहेर ते अनोळखी माणसांना थांबवायला लागले. “भाऊ, फोन दाखवा जरा.” एका रिक्षावाल्यानं फोन बनियनमध्ये कोंबला. “चचा, रिक्षा ले जाओ, फोन नहीं दूँगा.”

“रिक्षात अक्षरं नायत बाबा,” नाना म्हणाले.

रोज सकाळी माझ्या टेबलापाशी हजेरी. “आज अकरा जण एकटे पडले साहेब.”

मी वैतागलो. तेव्हा जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फक्त नानांच्या फोनच्या रुंदीपुरती दुरुस्ती केली आणि ठोकून दिलं, “झालं. सगळीकडे.” नानांनी ऑफिसात जिलबी वाटली. मीही खाल्ली. मी सुटलो होतो.

गेल्या हिवाळ्यात नानांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्या. मूलबाळ नाही. निधनवार्ता नानांनीच लावली. मी ती माझ्या फोनवर उघडली. ‘शोकाकुल पती’ इथं ओळ संपली होती. खाली एकटं ‘नारायण’, म्हणजे आमचे नाना.

शेवटचे दोन शब्द एकमेकांना बांधून टाकायचे, म्हणजे कुठल्याही फोनवर ते जोडीनंच खाली उतरतात. अर्ध्या तासाचं काम. दोन वर्षं टाळलेलं ते त्या दुपारी केलं आणि नानांच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं.

“माहितीय,” नाना म्हणाले. “जिलबीच्या दुसऱ्याच दिवशी मेव्हण्याच्या फोनवर पाहिलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“म्हटलं, माझ्या एकट्यापुरतं एवढं कोण करतं. हिला पण दाखवलं होतं मी.”

त्यांनी माझा फोन घेतला, पट्टी लावली. ‘पती नारायण’ एका ओळीत बसलं होतं. पट्टी बराच वेळ तिथंच राहिली.

“बसा साहेब, चहा टाकतो,” ते उठत म्हणाले. “एका कपाचा अंदाजच येईना अजून.”