वरचे साहेब

नागापूरच्या आमच्या कारखान्याच्या फाटकापाशी बबनरावांची पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांना ‘ताई’ म्हणालो होतो. पुढे एक स्कूटी चाललेली. चालवणाऱ्याच्या तोंडाला डोळ्यांपुरती फट ठेवून बांधलेला फुलाफुलांचा स्कार्फ, अंगात सनकोट, हातात मोजे, आणि गाडीचं स्टँड खालीच. मी शेजारून अदबीनं म्हणालो, “ताई, स्टँड वर घ्या.” आतून भरदार आवाज आला, “व्हय, घेतो. उपकार झाले.”

बबनरावांना उन्हाची ॲलर्जी आहे. जरा ऊन लागलं की लाल पुरळ उठतं आणि खाजवून खाजवून जीव नकोसा होतो. सूर्याला ते ‘वरचे साहेब’ म्हणतात. “साहेबांचं आन् आपलं जमत न्हाई,” एवढाच खुलासा. सनकोट बायकोचा आहे, हेही ते लपवत नाहीत. म्हणतात, “गड्यांसाठी असलं कोन शिवतच न्हाई. ऊन काय बाया बघून पडतं का?”

उपाय सुचवणाऱ्यांचा त्यांना तोटा नाही. एकानं कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ सांगितली. दुसऱ्यानं तर सूर्यनमस्कार घालायला सांगितले. बबनराव शांतपणे म्हणाले, “नमस्कार हाय की आपला. लांबूनच.”

सावलीच्या बाबतीत मात्र आम्ही सगळे त्यांचाच सल्ला घेतो. सकाळच्या एसटीनं उत्तरेला निघालात तर डावीकडे बसायचं, दुपारनंतर ड्रायव्हरच्या मागे. गाडी कुठे लावायची, चहाला कोणत्या टपरीवर जायचं, सगळं ते साहेबांचा मुक्काम बघून ठरवतात.

गाव पुणतांबा. वडील, म्हणजे आण्णा, हाडाचे शेतकरी. तरुणपणी बबनराव उसातून लालभडक होऊन घरी आले की आण्णा म्हणायचे, “काम नको म्हनून नाटकं हाईत समदी.” डॉक्टरांनी सांगून पाहिलं, तरी आण्णांना ते पटलं नाही. शेवटी बबनरावांनी छपराखालची ही नोकरी धरली. हे सांगताना ते हसतात आणि लगेच चहा मागवतात.

गेल्या मे महिन्यात त्यांच्या भाचीचं, मनीषाचं लग्न निघालं. गावातच, शेतात मांडव, मुहूर्त भर दुपारचा. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. बबनरावांनी कळवून टाकलं, “थोरल्या मामाला हुभा करा. मी दिवस मावळल्यावर जेवायला येतो.” सगळ्यांना ते शहाणपणाचं वाटलं. मनीषाला नाही. तिनं मामाशी अबोला धरला, आईला धारेवर धरलं आणि अखेर नवऱ्याकडच्यांना गळ घालून गोरज मुहूर्त काढून घेतला. मग फोन केला, “मामा, आता या. आन् त्यो स्कार्फ नको. मला फोटोत तुमचं तोंड पायजे.”

मी सोबत गेलो होतो. मंगलाष्टकं सुरू झाली. बबनराव उघड्या तोंडानं, नवा फेटा बांधून भाचीच्या मागे उभे. आणि मांडवाचं कापड चुकवून मावळतीचं ऊन सरळ आत आलं, नेमकं त्यांच्यावर. साऱ्या जगाला सावली सांगणारा हा माणूस मांडवाचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते विचारायला विसरला होता. मी खुणेनं ‘बाजूला व्हा’ म्हटलं. ते जागचे हलले नाहीत. मान लाल व्हायला लागली होती. त्यांचा हात दोनदा तिकडे गेला आणि खाली आला. मला बघवेना.

तेवढ्यात खुर्चीत बसलेले आण्णा काठी टेकत उठले. आले आणि लेकाच्या नि उन्हाच्या मधोमध उभे राहिले.

“जरा माज्या आडोशाला सरक,” ते म्हणाले. “लई लाल झालाय तू.”

शेवटच्या अक्षतेपर्यंत म्हातारा तसाच उभा होता. बबनराव मान खाली घालून त्यांच्या सावलीत.

सोमवारी कामावर आल्यावर मी विचारलं, “पुरळ उठलं का?”

“मानेवर आलं थोडं,” बबनराव स्कार्फ सोडत म्हणाले. “बाकी झाकलं हुतं आण्णांनी. पन उंची ऱ्हायली न्हाई हो त्यांची पयल्यासारखी.”

त्या दिवशी चहा मी मागवला.