किशनरावांच्या गंजीचा खटला

परभणीच्या कचेरीत आरोपी म्हणून आश्रुबाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा त्याचा एक डोळा पुरता मिटला होता, नाकाचं वांगं झालं होतं आणि खालचा ओठ हनुवटीवर लोंबत होता. न्यायाला बसलेल्या मुनसफसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हा मुलजिम? याला कुणी मारलं?"

"मारलं न्हाई सायेब, माश्या चावल्यात," मागून एक बाई म्हणाली. "मी मनकर्णा, ह्यांची बायको. ह्यांच्या तोंडून शबुद फुटना. मी बोलू का?"

साहेबांनी परवानगी दिली. आश्रुबाला घाम फुटला. गावच्या चावडीपुढून जातानासुद्धा बायको पदर सावरून खाली बघत जायची. आणि इथे समोर काळा कोट घातलेला वकील होता!

प्रकार घडला होता पोखर्णीत, चार दिवसांपूर्वी. बांधावरच्या लिंबाला आग्या मोहोळ लागलं होतं. आश्रुबाला मधाची भारी हाव. त्याने कापसाच्या वाळक्या पळाट्यांची चूड पेटवली, काठीला बांधली आणि मोहोळाखाली धरली. माश्या उठल्या, पण पळायचं सोडून त्याच्यावरच तुटून पडल्या. आश्रुबाने चूड भिरकावली आणि थेट विहिरीत उडी घेतली. चूड पडली पलीकडे, किशनरावांच्या कडब्याच्या गंजीवर. गाव धावून येईपर्यंत गंजीची राख झाली. आश्रुबाच्या वडिलांशी किशनरावांचं बांधावरून जुनं वैर होतं. त्यांनी तिसऱ्या दिवशी खटलाच घातला.

"चूड मुद्दाम पेटवली, हे कबूल आहे का?" किशनरावांच्या वकिलाने विचारलं.

"कबूल हाय," मनकर्णा म्हणाली.

आश्रुबाने दुसराही डोळा मिटून घेतला.

"स्वतःच्या फायद्यासाठी पेटवली?"

"व्हय. मधासाठी."

"लिहून घ्या साहेब! मुद्दाम, आणि फायद्यासाठी!"

मुनसफसाहेबांनी हात वर केला. "थांबा वकीलसाहेब. चूड पेटवणं हा गुन्हा नव्हे. बाई, नीट ऐका. आग कुणी लावली एवढंच कायदा बघत नाही. ती समजून-उमजून लावली पाहिजे, आणि आपला फायदा किंवा दुसऱ्याचं नुकसान करायच्या इराद्याने लावली पाहिजे. कळलं?"

"कळलं सायेब," मनकर्णा म्हणाली. "मंग फायदा तर तुमच्या म्होरंच हुबा हाय. बघा त्याच्या तोंडाकडं."

कचेरी हसली. साहेबांनी मिशीआड हसू दाबलं. "आणि नुकसान?"

"ते मी कसं सांगू? गंजी मालकाची. त्यांनाच इचारा." मग ती किशनरावांकडे वळली आणि अगदी गरिबीने म्हणाली, "मालक, ती गंजी दोन सालाआधीची ना? कडबा काळा पडलेला. तुमची जनावरं तोंड लावत नव्हती म्हणून मागच्या म्हैन्यात तुमीच फुकट न्ह्या म्हणलाव. मंग त्याचं नुकसान ते काय?"

"फुकट?" किशनराव लाल झाले.

"सडक्या कडब्यापायी गरिबाला कचेरीत वढायलाव, बरं दिसतंय का? तुमच्यासारक्या मोठ्या मान्साचं चिपाडानं कुठं नुकसान व्हतंय!"

पुन्हा हशा पिकला. वकील किशनरावांच्या कोटाची बाही ओढत होता, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. चारचौघांत आपलं हसं झालेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"चिपाड म्हणतीस? अगं, बारा पोती ज्वारी होती त्या गंजीत! बारा पोती!"

वकिलाने कपाळाला हात लावला.

हशा एकदम थांबला. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. लढाईचे दिवस होते. प्रत्येक कास्तकाराने सरकारला ठरलेली ज्वारी लेव्ही म्हणून द्यायची होती, आणि दडवणाऱ्याला शिक्षा होती.

"किशनराव," साहेब हळू आवाजात म्हणाले, "लेव्हीच्या वेळी तुम्ही काय लिहून दिलं होतं?"

किशनरावांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "पीक बुडालं, घरात दाणा न्हाई... असं."

"मग गंजीत ज्वारी होती की नव्हती? होती म्हणाल तर दुसरा खटला उभा राहील. नव्हती म्हणाल तर नुकसान कशाचं?"

किशनरावांनी वकिलाकडे पाहिलं; तो कागद गुंडाळत होता. शेवटी किशनराव पुटपुटले, "कडबाच होता, सायेब. सडका." आणि खटला मागे घेतला.

परतीच्या वाटेवर आश्रुबा गाडीत बायकोकडे एकटक बघत होता. पंधरा वर्षं संसार केला, पण ही बाई आपल्याला अजून कळलीच नाही, असं त्याला वाटत होतं. वाटेवरचं शिंगणापूर गाव मागे पडल्यावर कसाबसा ओठ हलवून त्याने विचारलं, "तुला... ज्वारीचं... कसं कळलं?"

"अवं, गंजी जळताना तडतड ऐकली न्हाई का? तुमी हिरीत व्हताव म्हणा. गाव यायच्या आत गंजीभवती सारं पांढरंधोट झालं व्हतं. कडब्याच्या कुठं लाह्या हुत्यात?"

आश्रुबाने मान डोलावली. थोड्या वेळाने त्याची मान थांबली. गेले चार दिवस त्याला भाकरी चावता येत नव्हती म्हणून मनकर्णा सकाळ-संध्याकाळ वाटीभर लाह्या दुधात भिजवून भरवत होती.

"मंग त्या लाह्या..."

"गाडी हाका," मनकर्णा म्हणाली. "मुनसफसायेब अजून कचेरीतनं उठले नसतील."