तुरंगरावांची नागीण

मुलांनो, दचकू नका. ही गोष्ट एका जंगलातली आहे, म्हणजे आपल्याकडची नाहीच.

त्या जंगलात तुरंगराव घोड्यांच्या पोटावर पाण्याचे फोड उठले. कोल्हेवैद्यांनी लांबूनच पाहिलं आणि सांगितलं, "नागीण झालीय."

नागीण हे दुखण्याचं नाव. पण सभेला ऐकू गेली ती फक्त नागीण. लगेच वारुळातल्या खऱ्या नागिणीला नोटीस गेली : उद्या सकाळपर्यंत जंगल सोडा.

"अहो, मी त्यांना शिवलेसुद्धा नाही!" नागीण म्हणाली. "चार दिवस तरी द्या. अंडी फुटायचीत. उचलून न्यायला मला काय हात आहेत?"

टिटवी शिकलेली होती. भर सभेत बोलायला ती घाबरायची. तरी तिनं सगळ्यांचे विषाणू तपासले आणि उभी राहिली.

"महाराज, यात नागिणीचं काही नाही. ज्याचा विषाणू त्याचाच, पूर्वजांपासून आलेला. अंगात दडून बसतो, जीव थकला की वर येतो. ज्यांचे पूर्वज जवळचे, त्यांचे विषाणूही जवळचे. गाईचा म्हशीच्या जवळचा. तुरंगरावांचा..."

"अडखळतेस काय? बोल!" सिंहमहाराज गुरगुरले.

"गाढवाच्या."

"दादा!" गाढवाला भरून आलं. "तरी मी म्हणायचो, आपले कान..."

"तोंड सांभाळ!" तुरंगराव खिंकाळले. "आमच्या घराण्यात असलं काही नाही. मला हे नागिणीनंच केलंय!"

सिंहमहाराज हसून हसून लोळले. मग आयाळ सावरत म्हणाले, "आणि आमचा गं?"

टिटवीनं डोळे मिटून घेतले. "मांजराच्या, महाराज."

महाराज ताडकन उठले.

"अहवाल चुकीचा आहे," महाराज म्हणाले.

सकाळी नागीण गेली. अंडी राहिली.

तिसऱ्या दिवशी तुरंगरावांचे फोड आणखी पसरले.

"पण ती तर गेली!" गाढव म्हणालं.

"मग अंडी असतील," कोल्हेवैद्य म्हणाले.

तुरंगराव टापा आपटत वारुळाकडे निघाले. टिटवी जिवाच्या आकांतानं ओरडत सुटली. पण टिटवी ओरडणं अपशकुनी, म्हणून सगळ्यांनी कान झाकून घेतले.

तात्पर्य : दुखणं आपल्या घराण्यातलं असलं, तरी त्याला नाव शेजारणीचं द्यावं. म्हणजे दुखण्याला नावही ठेवून होतं आणि शेजारणीला नावंही.