विसाव्या गाठीची मोहीम

सर्वांची नाके स्वच्छ असोत. नव्याने दाखल जाहलेल्या पालकमंडळींनी दाराशी उभे राहोन पुसिले की, ही एका खोलीची सरकारी बालवाडी बुडता बुडता तरली ती कैसी, आणि पडद्यास एवढे थोरले ठिगळ ते कशाचे. तरी जे घडले ते लिहितो. पदरचे तिखटमीठ घातले असेल तर ते चवीपुरतेच.

बालवाडीचा अंमल बाईसाहेबांकडे, आणि नाके पुसणे, डबे उघडणे, उलट्या चपला सुलट करणे हा कुल कारभार मावशींकडे. फौज एकोणीस. सर्व शूर, परंतु दुपारी पेंगणारे. फौज रस्त्यात पांगो नये म्हणोन बाईसाहेबांनी वीस गाठींची जाड दोरी केली होती, आणि एकेकाने एकेक गाठ धरावी आणि गाठ हाती नसता पाऊल टाको नये, ऐसी सक्त ताकीद होती. बागेस जाणे दोरीने, हात धुण्यास जाणे दोरीने. विसावी गाठ तेवढी रिकामी, भुईवर फरपटत जाई, आणि तीच बाईसाहेबांच्या काळजास घरे पाडी. कारण की वरोन फर्मान आले होते: स्नेहसंमेलनाचे दिवशी तपासनीस साहेब जातीने येऊन मुले मोजतील, वीस भरली तर बालवाडी बहाल, एक जरी उणे तर खोलीस कुलूप, आणि फौज हमरस्त्यापलीकडील शाळेत, आणि बाईसाहेब कचेरीत खुर्चीवर. बाईसाहेबांस खुर्ची नको होती. त्यांस हीच शेंबडी पोरे हवी होती, आणि या विचाराने त्या कपाटाआड जाऊन डोळे पुशीत.

मग मसलत बसली आणि शोध लागला की, कोपऱ्यावरील शिंपीदादांची कन्या अद्याप कोणत्याच शाळेत नाही. तिजला घरी लाडाने घोरपड म्हणत, कारण की एकदा जे धरील ते सोडणे तिला ठाऊक नव्हते. ती दिवसभर शिवणयंत्राखाली बैसे आणि बापाच्या पायजम्याचे टोक मुठीत ठेवी. मग मावशी वकिलीस गेल्या, आणि घसरगुंडीचे आमिष दाखविले, आणि चेंडूचे दाखविले, आणि घोरपडीने सर्व शांतपणे ऐकोन टोक अधिकच घट्ट धरिले. मग खासा बाईसाहेबांची स्वारी गेली.

शिंपीदादा काकुळतीस येऊन म्हणाले, "बाई, माझी काही ना नाही. नाव आत्ता लिहा. पण हिला सोडवणार कोण? मी आंघोळीला जातो तेव्हा पायजमा हिच्या हातात देऊन जातो."

नाव लिहिले. परंतु साहेब नावे मोजणारे नव्हते, डोकी मोजणारे होते. अखेर तह जाहला की, संमेलनाचा पडदा शिंपीदादांनी शिवावा आणि त्या दिवशी घोरपडीसह पहिल्या रांगेत हजर राहावे. पुढील मर्जी दैवाची. मग शिंपीदादांनी निळा पडदा शिवला, आणि हौसेस मोल नाही म्हणोन खालच्या काठास गोंडे लाविले, आणि तो यंत्रावरोन खाली उतरू लागला तैसा घोरपडीने त्याचा तंबू करोन आत मुक्काम केला.

संमेलनाचा दिवस उगवला. साहेब पहिल्या रांगेत चष्मा पुशीत बैसले. पडदा सरकला, आणि एकोणीस बदके उभी राहिली, आणि गाणे सुरू जाहले, आणि एकही बदक हालेना. कारण की रंगमंचावर दोरी बरी दिसणार नाही म्हणोन बाईसाहेबांनी ती आपल्याच हाते कपाटात ठेविली होती. करायला गेलो एक आणि झाले भलतेच. गाणे सरले. एक बदक रडो लागले, एकाने आजीस हात केला.

इतक्यात आघाडीच्या बदकाची नजर गोंड्यांवर गेली. गोंडा म्हणजे गाठच. त्याने एक धरिला, मागच्याने दुसरा, आणि क्षणात एकोणीस गोंडे एकोणीस मुठींत गेले, आणि फौजेने शिस्तीत नळाकडे कूच केले. पडदा टरकन फाटोन खाली आला, आणि साहेबांच्या डोकीवरोन गेला, आणि चष्मा घेऊन गेला.

ते पाहोन घोरपड उठली. बाबांचा पडदा, आपला तंबू, लोक नेताहेत. तिने पायजम्याचे टोक सोडिले. धावत जाऊन शेवटचा, फरपटणारा गोंडा धरिला, आणि मागे ओढोन पाहिले, आणि फौज आवरेना तेव्हा फौजेबरोबर चालो लागली.

साहेब चष्म्यामागे धावत नळाशी पोहोचले आणि तेथेच मोजणी जाहली. वीस भरली.

साहेब घोरपडीस म्हणाले, "उद्या येशील का?"

"पडदा इथेच राहणार?"

"इथेच."

"मग येणार."

साहेबांनी बालवाडी बहाल केली. बाईसाहेब या खेपेस कपाटाआड न जाता सर्वांदेखत रडल्या, आणि मावशींनी त्यांचेही नाक पुसिले.

दुसरे दिवशी फौज बागेस निघाली. विसाव्या गाठीस घोरपड, आणि गाठीमागे उरलेले दोरीचे शेपूट धरोन शिंपीदादा. कारण की सकाळी यंत्राखाली दोनदा वाकोन पाहिले, कोणी नाही, मग शिवणावर त्यांचे हातपायच चालेनात. बागेच्या फाटकाशी बाईसाहेबांनी हुकूम केला की, आता सोडावे. दादांनी मान डोलाविली आणि शेपूट अधिकच घट्ट धरिले. खाण तशी माती. मग बाईसाहेबांनी मुकाट्याने त्या शेपटास एकविसावी गाठ मारिली. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, आणि त्या दिवशी गिऱ्हाइकांचे कपडे शिवावयाचे राहिले ते राहिलेच.