दिनकररावांचा अंगठा फत्ते जाहला, त्या मोहिमेचे वर्तमान

गाझियाबाद प्रांती राजश्री दिनकरराव, सरकारी कचेरीतले निवृत्त साहेब, यांजवर कण्याच्या दुखापतीचा जो प्रसंग गुदरला आणि त्यातून जे यश आले, ते यथास्थित येणेप्रमाणे.

ऐन दिवाळीत पडदे लावावयाचा मनसुबा जाहला. कुटुंब वृंदाबाई यांनी ताकीद केली की, "अहो, माणूस बोलवा, तुम्ही चढू नका." परंतु रावांचा दिमाख थोर. अवघी कचेरी हुकमात वागविली, तेथे पडद्याचा मुलाहिजा काय, म्हणोन खासा स्वारी स्टुलावर आरूढ जाहली, आणि मग स्टूल फितूर जाहले, आणि राव पाठीवर कोसळले. मणक्यास इजा होऊन कमरेखालील मुलखावरचा अंमल उठला. इस्पितळी शस्त्रक्रिया जाहली, आणि मग स्वारीचा मुक्काम घरी पलंगावर पडला.

कन्या देविका दिल्लीत मज्जारज्जूच्या जखमांवर संशोधन करीत असे. तिजला मसलतीस बोलाविले. तिने अर्ज केला की, घाव बसताच प्रथिनांचे जासूद पेशीपेशींत दौडतात. कोणी कुमक बोलावितात, कोणी सूज माजवितात, कोणी जखमेभोवती तट उभारवितात. तटाने घाव पसरत नाही, परंतु नव्या तंतूंची वाटही तोच अडवितो. काही तंतू शाबूत आहेत, सबब आशा आहे. "पण बाबा, खात्री मी नाही देऊ शकत," म्हणोन ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

रावांनी शिरस्त्याप्रमाणे हुकूम सोडला : प्रथिनांनी तट पाडावा, पायाच्या अंगठ्याने तत्काळ हलावे, कसूर जाहल्यास गय होणार नाही. अंगठा ढिम्म. रोज फर्मान आणि रोज नामुष्की. व्यायाम करविणारी मयुरा म्हणे, "चलो काका, अजून एकदा. बिल्कुल होईल!" राव तिजवर खवळत, आणि मग डोळे टिपून धूळ गेली म्हणोन सांगत.

फाल्गुनात एके सकाळी वृंदाबाई पायांस तेल चोळीत होत्या. रावांचे अवसान पुरते सरले होते. पायाकडे पाहोन हळूच म्हणाले, "बाबा रे, जमलं तर बघ."

आणि उजवा अंगठा जवभर हलला.

"थांबा!" वृंदाबाई ओरडल्या. "पुन्हा हलवा, मला चष्मा लावू द्या."

चष्मा लागला. अंगठा पुन्हा हलला. दोघेही रडली, आणि धुळीचे नाव कोणी घेतले नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. तटास खिंडार पडले की शाबूत तंतूंनी आडवाट धरली, हे देविकाबाईंसही उमगले नाही. सेनापतीचा या यशात काडीमात्र हात नव्हता, ऐसे खुद्द रावांनी सांगोन येथे नमूद करविले.