चॉप्सवरचं कोकरू

बाळाला घेऊन घराबाहेर कसं पडावं, याच्या शिकवण्या घ्यायला मी कधीही तयार आहे! माझी हेटी आठ महिन्यांची आहे आणि या आठ महिन्यांत माझी एक टाचणीसुद्धा हरवलेली नाही. डायपर, झबली, थर्मामीटर, सगळं पिशवीत जागच्या जागी. आणि सगळ्यांत वर कोकरू. या कापडी कोकराचा कान चघळल्याशिवाय हेटी झोपत नाही. अगदी तसंच दुसरं आणून पाहिलं, तर निखारा दिल्यासारखं तिने ते भिरकावलं.

तर माझी मैत्रीण टॅमसिन म्हणाली, रविवारी दुपारी ‘रेड हेरॉन’ पबमध्ये चल, किती दिवसांत तू माणसांत आली नाहीस, अर्धा ग्लास शँडी, निम्मं लेमोनेड घातलेली बिअर, घेतलीस तर कोणी तुरुंगात टाकणार नाही. गेलो.

आत नेहमीची मंडळी नेहमीच्या खुर्च्यांवर आणि टेबलांखाली नेहमीची ओली कुत्री. हेटीने बसल्या बसल्या डायपर भरला. आता कोकरू काय संडासात न्यायचं? जंतू! आमचं टेबल चिकट, खुर्चीवर कुत्र्याचे केस. खिडकीपाशी मात्र एका टेबलावर पांढरंशुभ्र कापड अंथरलेलं होतं. अख्ख्या पबमध्ये तेवढीच स्वच्छ जागा! कोकरू तिथे ठेवलं, टॅमसिनला लक्ष ठेवायला सांगितलं आणि हेटीला घेऊन गेले.

रविवारी त्याच टेबलावर मटणाची सोडत निघते, ज्याच्या तिकिटाचा नंबर लागेल त्याला चॉप्सचं अख्खं ताट, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. माझे आजोबा हयातभर तिथे तिकिटं घेत होते! पण आठ महिने न झोपलेल्या डोक्यात तेवढं कुठलं राहायला?

परत येऊन पाहते तर टॅमसिन शँडी आणायला काउंटरवर, आणि मालकीण डोरीनबाईंनी कोकरू चॉप्सच्या ताटावर बसवलेलं. सजावट समजून! गळ्यात पार्सलीची जुडीसुद्धा बांधली होती. मी तोंड उघडेपर्यंत नंबर पुकारला गेला. सिरिलकाकांचा. ऐंशीच्या घरातले, अकरा वर्षांत त्यांना साधं सॉसेजही लागलं नव्हतं. सगळा पब टाळ्या वाजवत होता. काकांनी ताट टेबलावर ठेवलं आणि कोकरू मांडीवर घेतलं.

“मग माग की परत,” टॅमसिन म्हणाली.

माग की म्हणे! आमच्या गावात कोणी आपल्या पायावर पाय दिला, तर आधी आपण त्याची माफी मागतो. शिवाय सोडतीत लागलेलं मागणं म्हणजे महापाप. मी काकांपाशी गेले आणि म्हणाले, कोकरू गोड आहे हो. ते म्हणाले, फारच. मी म्हटलं, कान किती मऊ. ते म्हणाले, खरंच मऊ. मग आम्ही दोघं पावसावर बोललो.

मग युक्ती सुचली. त्यांना एक बिअर पाजावी, माणूस जरा सैल होतो! पण आमच्याकडे पाजलेल्या ग्लासाची परतफेड झाल्याशिवाय कोणाला उठता येत नाही. काकांनी लगेच माझ्यासाठी शँडी आणली. त्यांच्या टेबलावर आणखी दोघं होते, त्यांना कसं वगळणार? मग त्या दोघांची पाळी आली. तासाभरात माझ्यापुढे चार शँड्या कवायतीला उभ्या, आणि कोकरू जिथल्या तिथे!

हेटीने डोळे चोळले. मग ओठ काढला. मग असा भोंगा लावला की टेबलाखालची कुत्री उठून दाराशी गेली. आज रात्रीचं माझं काय होणार, ते स्पष्ट दिसत होतं.

“काका,” मी म्हणाले, “माफ करा, अगदी मनापासून माफ करा, पण ते कोकरू माझ्या मुलीचं आहे.”

सिरिलकाकांनी डोळे मिटले. मला वाटलं, म्हातारा गेला.

“सुटलो,” ते म्हणाले. “अगं पोरी, मला वाटलं तू हौसेने सोडतीला दिलंस. सारखी येऊन त्याचं कौतुक करत होतीस ना. खाली ठेवलं तर तुला वाईट वाटेल, म्हणून तासभर घेऊन बसलोय. ओलं आहे गं ते. माझ्या पँटीत पार आतपर्यंत झिरपलंय.”

मग मी त्यांची माफी मागितली, त्यांनी माझी. टॅमसिन इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. माझ्या छातीवरचं तर जातं उतरलं! पार्सली सोडून मी कोकरू हेटीच्या हातात दिलं.

तिने ते जमिनीवर टाकलं आणि काकांकडे हात पसरले.

काकांनी तिला खांद्यावर घेतलं. त्यांच्या जुन्या कोटाची कॉलर तिने तोंडात धरली. तंबाखू, बिअर आणि ओलं कुत्रं, ज्या ज्या गोष्टींपासून मी तिला जपत आले, त्या सगळ्यांचा अर्क त्या कॉलरीत होता! तिसऱ्या मिनिटाला हेटी घोरत होती.

पुढची पाळी काकांची होती, पण त्यांना हलायची सोय नव्हती. मी आणते, म्हणाले. उठले, आणि लक्षात आलं की माझे दोन्ही हात रिकामे आहेत. आठ महिन्यांत पहिल्यांदा! काउंटरपर्यंतची दहा पावलं मी इतकी रमतगमत चालले की डोरीनबाईंनी काळजीने विचारलं, “पाय मुरगळला का गं?”

मी हो म्हणून टाकलं.